दुमडत्या टपाची गाडी: मेहकर ते जळगाव जामोद

मलकापूरला आगगाडीतून उतरलो तेव्हा वळकटीपेक्षा माझी लोखंडी पान्यांची पेटीच जड होती. जळगाव जामोदला माझे भाऊजी डॉक्टर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याची गावं ते दमणीतून (हलक्या बैलगाडीतून) फिरतात आणि पुष्कळदा रोग्यापेक्षा स्वतःच जास्त थकून पोचतात. मेहकरचे एक मोठे जमीनदार, बापूसाहेब, आपली चार आसनांची, दुमडत्या टपाची मोटार विकताहेत असं भाऊजींना कळलं. त्यांनी मला पुण्याला लिहिलं, 'तुम्ही या, नीट पारखा, पसंत पडली तर घेऊनच या.'

माझा पुण्यात मोटारदुरुस्तीचा लहानसा कारखाना आहे. आदल्याच वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाला मी एक गाडी पसंत करून दिली होती. विकणाऱ्यानं गिअरच्या पेटीत घट्ट तेलाबरोबर लाकडाचा भुसा भरला होता, म्हणजे झिजलेले दाते वाजू नयेत. दोन महिन्यांत दाते तुटले. ते गृहस्थ आता मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. तेव्हापासून कुठल्याही गाडीकडे मी चोराकडे पाहावं तसं पाहतो.

सर्व्हिस मोटारीनं (भाड्याच्या प्रवासी गाडीनं) राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखली करत मेहकरच्या वाटेला लागलो. शेजारच्या पागोटेवाल्या गृहस्थांना माझं काम कळल्यावर ते म्हणाले, "बापूसाहेबाची मोटार? चांगली हाये. पण मंग आता इकून काऊन राह्यले?" (काऊन म्हणजे का.) मेहकर येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

गाडी कडुनिंबाखाली उभी होती. लांब नाक, पितळी कडांचा रेडिएटर, लाकडी आऱ्यांची चाकं, आणि मागं दुमडून ठेवलेला कॅनव्हासचा टप. अमेरिकेत बांधलेली, दहा-बारा वर्षांची. मी पान्यांची पेटी उघडली आणि दोन तास घालवले. गिअरच्या पेटीतलं तेल चिमटीत घेऊन चोळलं, हुंगलं, भुसा नव्हता. सिलिंडरांचा दाब चांगला होता. डावं मागचं दार खाली ओढल्याशिवाय लागत नव्हतं, पण त्याचं मला नवल वाटलं नाही. डोक्यावर पक्कं छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो. खड्ड्यात तो किंचित पिळतो आणि दारं हळूहळू आपली जागा सोडतात. पुढच्या आसाला (दोन चाकांमधल्या दांड्याला) नवा काळा रंग होता. मी विचारलं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "पावसानं गंजला होता, साहेब."

ड्रायव्हरचं नाव गफूरभाई. पन्नाशीचा, बारीक, दाढी मेंदीनं रंगवलेली. बारा वर्षं तो बापूसाहेबांच्या पदरी होता. बापूसाहेब स्वतः मोकळे दिसले. "खुशाल पाहा. बंद छपराची नवी गाडी येऊन राह्यली, म्हणून ही देतो," ते म्हणाले. मोकळं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

व्यवहार ठरला आणि मी निघायच्या तयारीला लागलो, तेव्हा गफूरभाई एकदम म्हणाला, "मी जातो यायच्या (यांच्या) संगं. जळगावपर्यंत."

बापूसाहेब चमकले. "तू काऊन?"

"गाडीच्या सवयी सांगतो यायले. नव्या हाताले जड जाते."

बापूसाहेब त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिले, मग "जा" म्हणाले. त्या पाहण्यात काहीतरी होतं. दोघांनी मिळून काही लपवलंय आणि पहारा द्यायला हा माणूस बरोबर येतोय, असं मी मनात धरलं.

सकाळी जानेफळच्या रस्त्याला लागलो. गफूरभाईनं चाक मला दिलंच नाही. गाडी मात्र, खरं सांगायचं तर, आदल्या दिवशी मेहकरात मी मैलभर चालवून पाहिली तेव्हाच आवडली होती. इंजिन घाई करत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं जावं आणि तिथूनच पाय दाबावा, तर ती कुरकुर न करता उचलते. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. त्यात चूक झाली तर ती मोठ्यानं सांगते. चाक जड, पण रस्त्याची प्रत्येक गोटी तळव्याला कळते. टप खाली असल्यानं कपाशीच्या शेतांचा आणि मळ्यांतल्या भिजवलेल्या मातीचा वास सरळ अंगावर येत होता. खामगावच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाड्या लागल्या की मात्र धुळीनं आमच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या.

पण गफूरभाई ज्या तऱ्हेनं चालवत होता, ते मला उमगेना. मोकळा रस्ता असला तरी वेग वाढवत नव्हता. खड्डा दिसला की थांबल्यासारखा होऊन डावं चाक कडेनं काढायचा. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तरी तोही जपून. आणि प्रत्येक थांब्याला आधी खाली उतरून पुढच्या चाकांशी वाकायचा.

"काय पाहता हो सारखं?"

"काही नाही, साहेब. आदत हाये."

जानेफळच्या पुढं एका मळ्यात जेवायला थांबलो. मळेकरणीनं कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत वाढलं. भरीत इतकं तिखट होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती बाई पदर तोंडाला लावून हसली. गफूरभाई दोनच घास खाऊन उठला. मी हात धुवायला विहिरीकडे गेलो तर तो गाडीखाली आडवा. रॉकेलचा वास. मला पाहताच तो सरपटत बाहेर आला आणि काहीतरी झटकन खिशात टाकलं.

"काय काढलंत?"

"काढलं नाही काही."

"खिशात काय आहे?"

तो हात पुसत गाडीकडे वळला. माझा हात पुढं झाला होता. पण मळेकरीण पाहत होती, तो वयानं मोठा होता, मला लाज वाटली. गाडीचा एखादा भाग बदलून हा परत नेणार, एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं.

घाटाच्या तोंडाशी तो थांबला. खाली पयनघाट (घाटाखालचा सपाट मुलूख) उन्हात पसरला होता. कपाशीची पांढरी शेतं, मधूनमधून तुरीची पिवळी, आणि फार दूर सातपुड्याची निळसर रेघ. तो उतरून पुन्हा पुढच्या चाकांमध्ये वाकला. मी तेवढ्यात त्याच्या जागेवर जाऊन बसलो.

"आता मी चालवतो."

"नाही, साहेब."

"गाडी आता आमची आहे. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला नाही. रेडिएटरसमोर उभा राहिला, दोन्ही हात त्यावर ठेवून. मी पार चिडलो. "तुम्ही काय चोरलंय ते मला आत्ताच्या आत्ता दाखवा!"

त्यानं खिशातून ती वस्तू काढली आणि माझ्यासमोर धरली. शाळेतल्या खडूचा तुकडा होता.

"खाली उतरा," तो म्हणाला. "दाखवतो."

पुढच्या आसावर, डाव्या चाकाजवळ, त्यानं रंग खरवडून ठेवला होता. वर चिखल लावून ती जागा झाकली होती. त्यानं ती जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसली, कोरडी केली आणि खडू चोळून पांढरी केली. मग बुटाच्या टाचेनं आसावर दोन ठोके मारले. पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. ही युक्ती मला ठाऊक होती. मेहकरला मीच ती या आसावर वापरली नव्हती, कारण माझं सगळं लक्ष गिअरच्या पेटीत होतं.

"सकाळी बोटभर होती," गफूरभाई म्हणाला. "आता दीड बोट झाली. या घाटात आस तुटला असता."

"बापूसाहेबांना माहीत आहे?"

"त्यायले काहीच माहीत नाही. मी केलं हे."

मग तो दगडावर बसून सांगत गेला. पावसाळ्यात त्याची बायको बाळंतपणात अडली. बापूसाहेब घरीच होते, पण विचारायला त्याची जीभ उचलली नाही. त्यानं न विचारता गाडी काढली आणि तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. येताना नाल्यात दगडावर चाक आदळलं आणि आस चिरला. एका लोहाराकडून तो भट्टीत जोडून घेतला, वर रंग दिला, आणि तेव्हापासून मालकाला घेऊन तो बैलगाडीच्या चालीनं फिरत होता.

"बायको?"

"वाचली. पोरगीही वाचली. म्हणून पस्तावाही करता येत नाही, साहेब." रॉकेलच्या फडक्याची घडी करत तो म्हणाला, "गाडी इकली जाऊन राह्यली तवा बरं वाटलं. मंग कळलं, डॉक्टर घेऊन राह्यले. डॉक्टर रोग्याकडे निघाले अन् वाटेत गाडी मोडली, तर? म्हणून संगं आलो. मेहकरपासून सांगायचं सांगायचं म्हणून राह्यलो, तोंड उघडत नव्हतं."

त्यानं लपवलं होतं हे खरंच होतं. माझा संशय खोटा नव्हता. तरी त्या माणसाबद्दल मी जे जे मनात आणलं होतं, त्यातलं एकही खरं नव्हतं.

कापसाच्या गाड्या मागून येतच होत्या. एका गाडीवानानं बाभळीच्या दोन जाड खुंट्या आणि साखळी दिली. मोडलेल्या हाडाला फळ्या बांधतात तशा आम्ही त्या आसाला दोन्ही बाजूंनी आवळल्या. मी म्हटलं, "मी बसतो चालवायला." गफूरभाईनं मान हलवली. "माही चूक हाये. मीच बसतो. तुम्ही दगड काढा." तो पहिल्या गिअरमध्ये गाडी उतरवत होता आणि मी पुढं चालत, धोतराचा काचा मारून, वाटेतला एकेक दगड लाथेनं कडेला करत होतो. साखळी करकरली की मी हात वर करून त्याला थांबवायचो आणि खुंट्या चाचपून पाहायचो. खामगावात पोचलो तेव्हा माझ्या बुटांचे तळ सुटले होते आणि त्याचे हात चाकावरून निघत नव्हते.

मी म्हणालो, "बापूसाहेबांना मी लिहितो की चीर मला तपासताना सापडली. तुमचं नाव नको." तो म्हणाला, "नाही. मीच जाऊन सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं तो मेहकरला परत गेला. तो येईल असं, खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो आला. मी खामगावातल्या एका कारखान्यात त्याच बनावटीच्या मोडीत निघालेल्या गाडीचा आस बसवत होतो. तो येऊन उकिडवा बसला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गफूर, बाईले नेताना मले काऊन नाही इचारलं? मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुले?" त्यानं डोळे पुसले. "बारा वर्सं, साहेब. अन् मी त्या माणसावर भरोसा नाही केला."

"नोकरी?"

"म्हणाले, नवी गाडी येऊन राह्यली, ती कोण चालवल?"

तो हसला आणि मग आम्ही दोघांनी मिळून आस बसवला. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यावरून, पूर्णेच्या उतारानं पाण्यातून गाडी काढत, जळगाव जामोदला आलो. या वेळी चाक माझ्या हातात होतं. रस्ता मोकळा दिसला की शेजारून गफूरभाई म्हणायचा, "दाबा, साहेब, आता दाबा." भाऊजी दारात उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "यात रोग्याला आडवं ठेवता येईल?" गफूरभाईनंच उत्तर दिलं, "मागच्या आसनावर. पाय थोडे मुडपून. मी नेलं हाये."

परतीला तो मला नांदुरा स्टेशनापर्यंत पोचवायला आला. मळ्यात मी त्याला चोर समजलो होतो आणि घाटावर तसं तोंडानं म्हणालोही होतो, त्याची माफी मागायची असं मी वाटेत चारदा ठरवलं. पण तो आपल्या मुलीचं कौतुक सांगत होता, ती आता पालथी पडते म्हणत होता, आणि मला ते मध्येच तोडवेना. आगगाडी आली, सामान चढवलं, त्यानं खिडकीतून पान्यांची पेटी आत दिली आणि सलाम केला. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून ओरडून 'माफ करा' म्हणालो. त्याला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यानं फक्त हात हलवला.