चाकांवरच्या घरासमोर पाखरांची पंगत

अठ्ठ्याण्णव सालचा मार्गशीर्ष... सुरगाण्याच्या रस्त्याला एका वळणावर आमचं घर उभं होतं. उभं म्हणजे खरोखरच उभं, चार चाकांवर!

आमचे हे रस्त्याच्या कामावर सुपरवायझर. रस्ता पुढे सरकला की आमची पत्र्याची केबिनही ट्रॅक्टरला जोडून पुढे जायची. आत एक पलंग, स्टोव्ह, कोनाड्यात देव आणि जाळीची एक खिडकी. भाडं नाही, लाइट बिल नाही... आणि मुख्य म्हणजे नवरा रोज डोळ्यांसमोर. त्याआधी मी नाशिकला, हे साइटवर, आणि भेट महिन्यातून एखाद्या रविवारी. म्हणून मी हट्टाने इथे राहायला आले होते.

पण एक पंचाईत झाली. मुक्या जिवाच्या पोटात घास गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा नेम. त्या गेल्यावर तो मी घेतला. नाशिकला दाराशी गाय यायची, प्रश्नच नव्हता. इथे पाड्यावरची गुरं उजाडताच डोंगरात जात, आणि साइटवर कुत्रंसुद्धा नाही...

मग म्हटलं, पाखरं! समोरच्या आंब्यावर ती पहाटेपासून नुसता कलकलाट करायची. मी तांदळाच्या कण्या पाखडून, निवडून घेतल्या. माझं सगळ्यात चांगलं स्टीलचं ताट राखेने असं घासलं की त्यात तोंड दिसावं. डांबराच्या रिकाम्या पिंपावर ते ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, घंटा वाजवली आणि हात जोडून शेजारी उभी राहिले.

एक पाखरू खाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटलं, माझाच भाव कमी पडला असेल. म्हणून दोन उदबत्त्या लावल्या, घंटा अजून जोरात वाजवली... आंब्यावरची होती नव्हती तीही उडून गेली!

खडी वाहणारी हौसा डोक्यावर घमेलं घेऊन मुद्दाम थांबायची. "काय वो बाई, आज तरी जेवाया मिळंल का तुमाला?" आणि पदर तोंडाला लावून हसायची.

दिवसभर मी चहावर. संध्याकाळी हे बळेच दोन केळी खायला लावायचे. "मुंग्यांना साखर घाल आणि मोकळी हो," म्हणाले. मी म्हटलं, "नेमाला पळवाट नसते." तोंड वर करून बोलले खरं, पण एके दुपारी पाणी आणताना भोवळ आली आणि हंड्यासकट रस्त्यावर आडवी झाले.

मग मात्र हे चिडले. "उद्या सकाळच्या एसटीने तू नाशिकला. तिथे गायीला घास घाल आणि पोटभर जेव. मला बायको धडधाकट पाहिजे, नुसती पुण्यवान नको!"

म्हणजे पुन्हा नाशिकची ती एकटीची खोली, पुन्हा त्या रविवारची वाट बघणं.

सकाळी ट्रंक भरली. ताट आणि घंटा आधी तळाशी गेली. प्रवासासाठी भाकरी-ठेचा बांधला. कण्या तेवढ्या उरल्या, आणि धान्य फेकायला माझा हात धजेना. डांबर लागलेलं एक मोडकं घमेलं पिंपाशी पडलं होतं, त्यात ओतल्या. ना कुंकू, ना उदबत्ती. रागारागात आत आले, दार ओढून घेतलं आणि साड्यांच्या घड्या घालत बसले.

टक... टक... टक...

जाळीतून पाहिलं तर घमेल्याच्या काठावर एक होला! पाठोपाठ त्याची जोडीदारीण. मग सातभाईंची ती भांडखोर टोळी उड्या मारत आली, एकमेकांना ढकलत, शिव्या दिल्यासारखी ओरडत कण्यांवर तुटून पडली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चकाकणारं ताट, धूर, घंटेचा ठणठणाट, आणि पानाशेजारी टक लावून उभी असलेली वाढपीण... अशा पंगतीला कोण बसेल हो?

तेवढ्यात हे ट्रंक न्यायला आले आणि सगळी भुर्रकन उडाली. मी यांना आत ओढलं, दार लावलं. खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"अगं, गाडी आली."

"येऊ दे. तुम्ही खिडकीतून बघा फक्त."

दुसरा हॉर्न... घमेल्यापाशी एकही पाखरू नाही. तिसरा हॉर्न... यांचा हात ट्रंकेच्या कडीवर. आणि होला उतरला! मग दुसरा, मग ती सगळी भांडकुदळ फौज. यांचा हात कडीवरून कधी सुटला, त्यांनाही कळलं नाही.

खाली रस्त्यावर हौसा घमेलं डोक्यावर तसंच धरून बघत होती. तिनेच कंडक्टरला ओरडून सांगितलं, "जावा वो तुमी! बाई नाय येत! तिची पाखरं जेवत्यात!"

एसटी निघून गेली.

मी प्रवासाची भाकरी सोडली आणि खिडकीशीच बसले. "मला देशील का त्यातली?" यांनी विचारलं. म्हटलं, "घ्या, पण आवाज करू नका." बाहेर त्यांची पंगत, आत आमची... ठेच्याला इतकी चव पुन्हा कधी आली नाही.

रस्ता पूर्ण होईपर्यंत आमची केबिन कितीतरी वळणं चढली. प्रत्येक ठिकाणी नवं झाड, नवी पाखरं, आणि मी कुठेही एक दिवस उपाशी राहिले नाही. पूजा आत देवापाशी करायची. बाहेर मात्र वाढायचं आणि मुकाट्याने बाजूला व्हायचं... एवढी अक्कल त्या देवानेच वेळेवर दिली आणि माझा संसार एका छपराखाली ठेवला, त्याला रोज नमस्कार करते.