गालाला आधार कार्ड

कप आधी खाली ठेवा, चहा सांडेल! मी जी माती खाल्लीय ना, ती लोअर परळच्या ऑफिसात, एसीच्या गारव्यात, स्वतःच्या हाताने खाल्लीय.

मी वेबसिरीजवाल्यांकडे कामाला आहे. सिरीज कसल्या? दार लावून बघायच्या! त्यात कॅमेऱ्यासमोर येणारा प्रत्येक जण सज्ञान असल्याचा पुरावा घ्यायचा आणि जपून ठेवायचा, हे माझं काम. आधारची प्रत, कार्ड गालाला लावून फोटो, संमतीपत्रावर सही. त्यात चूक झाली तर कोर्टकचेरी! घरी मात्र मी ‘कायद्याचं काम’ एवढंच सांगितलेलं. खोटं आहे का?

आणि नेमकं तेव्हाच गिरगावातल्या ऋजुताचं स्थळ जमत आलं होतं. रविवारी पोहे. फोनवर बोलूनच मी पार पाघळलो होतो हो!

तर त्या दिवशी एक म्हातारे नट यायचे होते. सीन काय, तर घरमालक टॉवेलवर दार उघडतो. तेवढ्यात पांढऱ्या बुशशर्टातले एक टकले गृहस्थ आत आले.

“जरा भेटायचं होतं.”

“या काका, तुमचीच वाट बघतोय! आधार आणलंय?”

इकडच्या ऑफिसांत गेटवर ओळखपत्र दाखवावंच लागतं. त्यांना वाटलं, हेही तसलंच.

“वा, कडक शिस्त आहे!” म्हणत त्यांनी कार्ड दिलं.

आता नावाकडे बघतो कोण? माझी नजर थेट जन्मतारखेवर. धंद्याची खोड!

“एकोणसत्तर! म्हणजे अठरा पूर्ण आहेत. गालाला लावा, हसू नका.”

फोटो झाला. काकांनी न वाचता सहीसुद्धा ठोकली.

“टॉवेल आमचा देऊ, की घरून आणलाय?”

“टॉवेल? कशाला?”

“कपडे काढायचेत ना! लाजू नका, खोलीत चारच माणसं असतील.”

काका ताडकन उठले. “अहो, मी मुलगा बघायला आलोय!”

“या सीनमध्ये मुलगा नाहीये काका. शेजारीण आहे.”

“कसली शेजारीण? मी ऋजुताचा बाबा!”

“मीच तो मुलगा,” मी कसंबसं सांगितलं. पाणी दिलं, खुर्ची दिली, गयावया केली. काकांनी आता संमतीपत्र नीट वाचलं, अगदी टॉवेलच्या कलमापर्यंत.

“फाडा हे!”

“नाही फाडता येत काका. एकदा घेतलं की ठेवावंच लागतं.” बघा, तेव्हाही माझं तोंड बंद राहिलं नाही!

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग शांतपणे म्हणाले, “म्हणजे इथे सगळ्यांचं वय तपासता?”

“सगळ्यांचं!” मी छाती फुगवली. “माझ्या हातून एकही सुटत नाही!”

“छान. मग तुमचं आधार काढा.”

“माझं?”

“गालाला लावा. हसू नका.”

मेलो! बायोडेटात आईने बत्तीस लिहिलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. कार्डावर छत्तीस.

रविवारचे पोहे मी आमच्याच घरी खाल्ले. आमच्या ऑफिसात आजवर वयाची थाप मारताना एकच माणूस पकडला गेलाय, आणि थापा पकडायला कंपनी त्यालाच पगार देते!