आमच्यात तसलं न्हाय

मी अकरा वर्षं दारू प्यायलो आणि त्या अकरा वर्षांत सूर्य मावळल्यावर एकदाही जेवलो नाही. याचा मला अभिमान होता, हे आज लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आम्ही जैन. घर कोल्हापुरात, शेती कोडोलीकडे, धंदा गुळाच्या अडतीचा. घरात दिवेलागणीच्या आत ताटं उचललेली असतात. माझा डबा साडेपाचला दुकानात यायचा. जेवायचो, साडेआठला शटर ओढायचो आणि जोतिबाच्या रस्त्यावर एका मित्राच्या मळ्यात जायचो. तिथं आम्ही चौघं बसायचो. ‘बसणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीचे तिघं तांबड्या रश्श्यावर ताव मारायचे. मी मटण खात नाही, आणि रात्री शेंगदाणासुद्धा तोंडात टाकत नाही. म्हणून नुसतीच प्यायचो, सोबत काही न खाता.

“मर्दा, एवढं पाळतोस आणि हे कसं चालतंय रं?” एकदा एकानं विचारलं.

“रात्री पाणी चालतंय की आमच्यात,” मी म्हणालो. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

रोज एक क्वार्टर, शनिवारी दोन. मग बडीशेप चघळत घरी. आई तोवर झोपलेली असायची. बायकोला कळायचं. सुरुवातीला ती भांडली, नंतर तोंड फिरवून झोपायला लागली, आणि मी ती गोष्ट मिटली असं धरून चाललो.

शेहेचाळिसाव्या वर्षी मला जिना चढताना दम लागायला लागला. पहाटे तीनला छाती धडधडत जाग यायची, ती धंद्याच्या काळजीनं असं मी समजायचो. सकाळी डोकं ठणकलं की गोळी. शेवटी तपासण्या झाल्या. रक्तदाब वाढलेला, लिव्हरवर चरबी आणि सूज. डॉक्टर आमच्याच समाजातले, घरचे असल्यासारखे. सोबत आई आली होती, कारण माझ्या तब्येतीबाबत तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. डॉक्टर एकेक विचारत कागदावर खुणा करत होते. तंबाखू? नाही. झोप? बरी. पुढच्या, दारूच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

“आमच्यात तसलं न्हाय हो, डॉक्टर,” आई म्हणाली.

“माहीत आहे काकू, म्हणून तर विचारत नाही,” डॉक्टर हसले आणि त्यांनी रकान्यावर रेघ मारली.

दोन शब्दांचं काम होतं, ते माझ्याच्यानं झालं नाही.

दोष तुपाला आणि तळणाला गेला. घरातली कढई माळ्यावर गेली आणि सगळं घर माझ्यापायी बेचव खायला लागलं. आई दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात गेली आणि नियम घेऊन आली. माझा रिपोर्ट चांगला येईपर्यंत तिनं गूळ सोडला. एकाहत्तर वर्षांची बाई. चहात गूळ, भाकरीबरोबर गूळ, हाच तिचा उभ्या जन्माचा चोचला होता. ती फिका चहा घोट घोट प्यायची आणि मी समोर बसून बघायचो.

आणि तरी मी मळ्यात जात राहिलो. लाज वाटत नव्हती का? वाटायची, साडेआठपर्यंत. दिवसभर फोन, भाव, हमालांची ओरड. शटर ओढल्यावर डोकं शांत करायचा दुसरा कुठलाच रस्ता मला ठाऊक नव्हता.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. आधीपेक्षा वाईट. डॉक्टर कोड्यात पडले. आईनं पदर सावरला.

“मग मीठ बी सोडतो की मी,” ती म्हणाली. “बघू कसं सुधारत न्हाय ते.”

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ती खरंच सोडणार होती, आणि मी तिच्यासमोर बसून तिला ते करू देणार होतो.

“डॉक्टर, मी पितो,” मी म्हणालो. “रोज. अकरा वर्षं झाली.”

डॉक्टर लाल झाले. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मांडीवरची पिशवी नीट केली आणि डॉक्टरांना म्हणाली, “आता लिवा.”

डॉक्टर म्हणाले, चूक त्यांचीही होती. मग त्यांनी सगळं विचारलं. किती, किती वर्षं, सकाळी हात थरथरतात का. डोकेदुखीच्या गोळ्या ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला; रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला त्यांतल्या काही फार महागात पडतात. दारूनं झोप लागते, पण तीच ती मध्यरात्रीनंतर मोडते. रक्तदाबामागंही तिचा हात असणार. अजून वेळ गेलेली नाही, पूर्ण थांबलात तर लिव्हर सावरेल, म्हणाले. मात्र बहादुरी नको. सोडताना घाम, थरथर, भ्रम असं काही झालं तर लगेच फोन.

आई माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. नऊ दिवस मी न पिता, हात थरथरतात का ते बघत बसलो, आणि दहाव्या दिवशी मित्रांना सांगितलं की मी येणार नाही.

“चार दिसांत येतोयस बघ,” एक म्हणाला. त्या वाक्याचा मला इतका राग आला की पहिला महिना मी त्या रागावरच काढला.

संध्याकाळ मात्र खायला उठायची. आधी टीव्हीसमोर बसून बघितलं; डोळे पडद्यावर, मन मळ्यात. मग बायको म्हणाली, चला, रंकाळ्यावर. आम्ही रोज चालायला लागलो. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण ती एवढं बोलते हे मला तेव्हा कळलं. अकरा वर्षांचं साठलेलं भांडणही तिनं रंकाळ्याच्या काठावरच काढलं, आठवडाभर पुरेल एवढं. मी ऐकत चाललो. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पहाटेसाठी तालीम होती. कॉलेजपर्यंत मी तिथं कुस्ती खेळायचो. वस्ताद म्हणाले, कुस्तीचं वय गेलं, पर आखाड्याची माती रोज उकरावी लागतीय, तेवढं करा. मी पाचला उठून फावडं मारायला लागलो. हळद-तेल मुरलेली ती लाल माती जड असते. अर्ध्या तासात अंग घामानं निथळायचं आणि रात्री नऊला डोळे आपोआप मिटायचे.

चौथ्या महिन्यात नेसरीला एका लग्नाला गेलो आणि घसरलो, पुन्हा प्यायलो. दुसऱ्या सकाळी फावडं उचलेना. त्याच दुपारी स्वतः डॉक्टरांकडं जाऊन सांगितलं, घरीही सांगितलं. तेव्हापासून कानाला खडा. आठव्या महिन्यात रिपोर्ट चांगला आला. आई “बरं झालं” एवढंच म्हणाली आणि गुळाचा डबा काढायला स्वयंपाकघरात निघून गेली.

मला वाटलं, झालं, घरातलं घरात राहिलं. गेल्या महिन्यात सकाळी आई दुकानात आली. सोबत बस्तीतलं एक जोडपं. माझ्याच वयाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात दवाखान्याची फाईल. त्याच्या बायकोची नजर खाली.

“जरा पित्त हाय, बाकी काय न्हाय,” तो घाईनं म्हणाला.

आईनं त्याला खुर्ची दिली. “हा माझा लेक,” ती म्हणाली, हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात. “अकरा वर्सं प्यायचा. माझ्यासमोर बसून गप ऱ्हायचा. आता बोल रं.”

माझे कान तापले. दारात गिऱ्हाईक उभं होतं. मी खुर्ची त्या माणसाजवळ ओढली आणि विचारलं, “रोज किती घेता?”

त्याचं उत्तर येईपर्यंत मी गिऱ्हाईकाकडं वळलो नाही.