खाडाखोड नसलेलं पान

माझ्या अक्षराचं कुणी कौतुक केलं की मला कानकोंडं होतं. मी आता निवृत्त आहे, जुन्या जालन्यात राहतो. गल्लीतले लोक लग्नपत्रिकांवर नावं घालून घ्यायला माझ्याकडे येतात, 'असं अक्षर न्हाई बरं कुणाचं' म्हणतात, आणि मी घाईघाईनं विषय बदलतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला, लाज आहे ती.

जिल्ह्यातल्याच एका तालुक्याला मी पंचायत समितीत लिपिक होतो. सभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं, ते वहीत उतरवायचं. कुणालाही वाटेल की हे सभेनंतर लिहीत असतील. मी आदल्या दिवशीच लिहून मोकळा व्हायचो. कोणतं काम कोणत्या गावाला द्यायचं, कोणाला कोणत्या समितीवर घ्यायचं, हे सभापतींच्या घरी चहावर ठरलेलं असायचं. माझ्याकडे फक्त चिठ्ठी यायची. मग दुपारी पंख्याखाली निवांत बसून, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा सोडून, मी ठराव लिहून काढायचो. प्रत्येकाचा शेवट एकच: 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' चर्चेच्या आधीच चर्चेचा अंत! याचं मला हसू यायचं. आम्ही कर्मचारी त्यावर टाळ्या देऊन हसायचो.

वहीत एकही खाडाखोड नसायची. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझी वही वर धरून सगळ्या टेबलांना दाखवली होती. तेव्हापासून मी जरा जास्तच फुगलो होतो.

त्या वेळी एक बाई पहिल्यांदाच सदस्य म्हणून निवडून आल्या होत्या. बौद्ध कुटुंबातल्या, गावात शिवणकाम करणाऱ्या. सभेला स्वतःची वही आणणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या टेबलापाशी थांबून 'जय भीम, भाऊ' म्हणायच्या. मी मान वर न करता 'हं, बसा' म्हणायचो. जय भीमला जय भीम म्हणायला मला काय झालं होतं कोण जाणे.

त्यांची वस्ती आणि गावातली शाळा यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वस्तीतली पोरं घरी बसतात. त्या ओढ्यावर नळकांडी पूल घ्यायचा, असं त्या वर्षीच्या आराखड्यात त्यांनी सहा-सात सभा पाठीमागे लागून घालून घेतलं होतं. वस्तीत सांगूनही टाकलं होतं की पूल होतोय. आणि मार्चच्या सभेआधी चिठ्ठी आली: पुलाचं काम रद्द, त्याऐवजी सभापतींच्या गावाला स्वागत कमान. मी लिहिलं. 'कमान' या शब्दातल्या क ला मी छान गोलाईदार वळणसुद्धा दिलं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सभेत तो विषय निघाला तेव्हा बाई उभ्या राहिल्या. आवाज कापत होता, पण थांबल्या नाहीत.

"सभापती साहेब, कमानीखालून लोक मिरवत जातेन, पण आमच्या लेकरानं शाळंत कुठून जायचं? माझा इरोध हाये याला."

सभापती हसले. "ताई, पुढच्या साली तुमचा पूल बराबर घेऊ. आता जल्दी उरका, तिकडं जेवण थंड होऊन राह्यलं."

दोघं-तिघं हसले. बाई सभापतींकडून माझ्याकडे वळल्या. "भाऊ, माझा इरोध लिहून घ्या."

समोरच्या पानावर 'सर्वानुमते' हा शब्द वाळून चोवीस तास झाले होते. तो खोडायचा म्हणजे वर सभापतींची सही घ्यायची, आणि माझ्या वहीत पहिली रेघ यायची. मला कुणी दम दिला नव्हता, कुणी काही देऊ केलं नव्हतं. मला फक्त माझं पान सुंदर ठेवायचं होतं. मी मान डोलावली आणि पेन कागदावरून फिरवला. पेनाचं टोपण लावलेलं होतं. बाई समाधानानं खाली बसल्या.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील इतिवृत्त कायम करण्याचा. ते वाचून दाखवायचं असतं, आम्ही कधी वाचत नसू. मी म्हणालो, "वाचलं असं समजून कायम करू या?" सगळे 'हो' म्हणाले. त्या 'हो'त बाईंचाही आवाज होता, कारण आपला विरोध आत लिहिलेला आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

मग सभापतींच्या माणसांनी त्या ठरावाची प्रत वस्तीत नेऊन दाखवली. पूल तुमच्याच बाईनं सोडला म्हणून. बाई विकली गेली, असं घरच्यांच्या तोंडावर बोललं जाऊ लागलं.

एक दिवस बाई कार्यालयात आल्या. सोबत सासरे होते, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. बाईंनी मूळ वही दाखवण्याचा अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "मामा, त्यांनी आणलेला कागद खोटा असंल. खरं या वहीत हाये. ह्या भाऊंनी माझ्यासमोर लिहिलं." मग मला म्हणाल्या, "भाऊ, जरा मोठ्यानं वाचून दाखवा."

मी वही काढली, पान उघडलं आणि माझ्याच हातचं त्या दोघांना वाचून दाखवलं. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.

बाई म्हणाल्या, "पुढं?"

"पुढं काही नाही."

सासरे माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे, आशेनं. "साहेब, लिहायचं ऱ्हाऊन गेलं असंल. पर तुम्ही तर तिथंच व्हता. तुम्ही सांगा, ही बोलली व्हती का न्हाई?"

एका शब्दाचं काम होतं. 'हो' म्हटलं असतं तर माझी नोकरी जाणार नव्हती, ठरावही बदलणार नव्हता. तो म्हातारा फक्त वस्तीत जाऊन ताठ मानेनं सांगू शकला असता की माझी सून बोलली होती. पण 'हो' म्हणजे माझी वही खोटी. मी म्हणालो, "बाबा, रेकॉर्डवर जे आहे तेच मला सांगता येतं. आणि पुढच्या सभेत ताईंनी स्वतः हे कायम केलंय." एवढं नियमात बोललो.

म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि सुनेकडे न बघता बाहेर चालू लागला. बाईंनी वही स्वतःकडे वळवून घेतली, त्या पानावरून एकदा बोट फिरवलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"अक्षर लई चांगलंय तुमचं, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि सासऱ्यांच्या मागं निघून गेल्या.