तांबडीची घंटा

माझं माहेर बार्शीचं, भर बाजारातलं. घराखाली पिठाची गिरणी, समोर भांड्यांचं दुकान आणि शेजारी एक शिंपी. तो मशीन चालवताना रेडिओ लावायचा आणि रेडिओ नीट ऐकू यावा म्हणून मशीन थांबवायचा. त्याच्याकडून आमचे कपडे कधीही सणाआधी शिवून आले नाहीत. अशा गोंगाटात वाढलेली मी दोन हजार एक साली लग्न होऊन मुळशीतल्या नांदे गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, आपले कान बिघडले. इथे काही वाजतच नव्हतं.

घरात माणसं तीन. नवरा, सासरे आणि मी. नवरा पिरंगुटला एका कारखान्यात होता. पहाटे धारा काढायचा, दूध घालायचा आणि पहिल्या पाळीला पळायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. गोठ्यात चार गाई होत्या: तांबडी, काळी, पांढरी आणि बांडी. नावं ठेवताना मामंजींनी फार डोकं खपवलं नव्हतं. रंग दिसला तशी हाक मारली. बांडी पांढरी-काळी, म्हणून बांडी.

मामंजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरी बघण्याच्या कार्यक्रमात. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांनी मला भाकरी येते का, पोहता येतं का, नोकरी करायची आहे का, असं सगळं विचारून घेतलं. मामंजी भिंतीला टेकून गप्प बसले होते. त्याआधी आत स्वयंपाकघरात माझ्या मावसबहिणीने पोह्यांत मिठाऐवजी साखर घातली होती आणि मी मोठ्याने हसले होते. माझं हसणं म्हणजे गल्लीत ऐकू जाईल असं. आईने पाठीत धपाटा घातला, म्हणाली, पाहुणे ऐकतायत, जमलेलं मोडशील. पण मोडलं नाही. मामंजींनी एकही प्रश्न न विचारता पोरगी पसंत म्हणून सांगितलं आणि ते गोड पोहे दोनदा मागून खाल्ले.

तर त्या शांततेत मी रडकुंडीला आले होते, तेव्हा मामंजींनीच मला एक खेळ शिकवला. संध्याकाळी गाई बांधल्या की ते ओट्यावर बसायचे. मी भाजी निवडत शेजारी. रस्त्यावर कुणी आलं की ते मान न वळवता सांगायचे, हा सरपंचाचा चुलता, एक चप्पल घासत चालतो. ही सायकल दूधवाल्याची, हिच्या कॅनचं झाकण ढिलं आहे. आधी मला वाटायचं म्हातारा थापा मारतोय. मग मीही डोळे मिटून ओळखायला लागले. एसटी चढावर गिअर बदलते तेव्हा आधी खोकते आणि मग रडते, हे मला तेव्हा कळलं. विहिरीवरची मोटार सुरू झाली की आधी पाइपातून नुसता वारा फुसफुसतो आणि मग पाणी हौदात धबाधबा कोसळतं. त्या दोन्हींच्या मधल्या क्षणात मला अजूनही पोटात गुदगुल्या होतात. माझ्या भाकरीच्या थापण्यावरून मामंजी सांगायचे, आज पीठ जाड आलंय. आणि ते खरं असायचं, याचा मला रागच यायचा.

सगळ्यांत लाडका आवाज होता गाई परतण्याचा. मामंजी सकाळी गाई माळावर न्यायचे आणि दिवस कलला की घेऊन यायचे. गाई दिसायच्या कितीतरी आधी घंटा यायच्या. काळीची फुटकी, खडखडणारी. पांढरीची गोड. बांडीची अगदी बारीक, किणकिण, देव्हाऱ्यातल्यासारखी. आणि तांबडीची मोठी, पितळी, जड, दोन शेतं ओलांडून ऐकू येणारी. ती ऐकली की मी चहाचं आधण ठेवायचे. दिवसभराचं एकटेपण त्या आवाजासरशी संपायचं. खरं सांगते, नवऱ्याच्या मोटरसायकलचा आवाज ऐकून मला जेवढा आनंद व्हायचा त्यापेक्षा हा कणभर जास्तच व्हायचा. हे त्यालाही माहीत आहे.

नवऱ्याला मात्र गुरं नको झाली होती. मारुंजीत, महाळुंग्यात इमारती उठत होत्या, आमच्या माळालगतही एका सोसायटीचं काम निघालं होतं. गायरान आक्रसत चाललेलं. पहाटे धारा, मग दिवसभर कारखाना, यात त्याची पाठ जायची. गाई विकू, असं तो दर दोन दिवसांनी म्हणायचा. शेवटी एकदा जेवताना मामंजींनी हात धुतला आणि निकाल दिला.

"जवर मला दिसतंय तवर गुरं ऱ्हातील. दिसायचं थांबलं का त्याच दिशी इकून टाक. मी तोंडातनं शबुद काढनार न्हाई."

नवरा बरं म्हणाला. कागद नव्हता, सही नव्हती, पण दोघेही शब्दाला असे चिकटणारे की कागदाची गरजही नव्हती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पोळ्याची गोष्ट. आमच्याकडे बैल उरले नव्हते, नांगरट ट्रॅक्टरने व्हायची, म्हणून पोळ्याचा मान गाईंना. नवऱ्याने सुट्टी काढून त्यांना धुतलं, शिंगं रंगवली. घंटा घासायचं काम मी मागून घेतलं. चिंच लावून, राखेने चोळून अशा लखलखीत केल्या की माझाच मला अभिमान वाटला. मग गळ्यात बांधताना मी विचार केला की बांडी चौघींत देखणी, त्यात गाभण, दिवस भरत आलेले, मोठी पितळी घंटा तिलाच शोभेल. तांबडीला दिली बांडीची बारकी. बाजारपेठेतल्या मुलीची अक्कल ती. दुकानाच्या काचेत भांडी मांडावीत तशा मी घंटा मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाई मी सोडल्या. सोडायचं काम नेहमी माझंच. मामंजी काठी घेऊन मागून निघाले आणि वाटेवरच म्हणाले, तांबडी आज लई शानी झालीया, माज्या बाजूबाजूनं चालतीया. तांबडी तर तेव्हा पार पुढे, लोकांच्या बांधावर तोंड घालत होती. मला वाटलं, टोमणा असेल.

संध्याकाळी घंटा आल्या, पण काहीतरी कमी होतं. मी आधण ठेवलंच नाही. फाटकाशी गेले तर मामंजी तिथे थांबून कान देत होते.

"तांबडी मागं ऱ्हाईली," ते म्हणाले. "ह्या तिघींना बांद. मी आलोच तिला घिऊन."

तांबडी त्यांच्या समोर उभी होती. हात लांब केला असता तर शिंगाला लागला असता. ती त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक चघळत होती, आणि ते तिला शोधायला माळाकडे वळत होते.

मला सगळं एकदम कळलं. मोठी घंटा आली नव्हती, म्हणून त्यांच्या लेखी तांबडीच आली नव्हती. ओट्यावरचा खेळ खेळ नव्हता. मान न वळवता माणूस ओळखणं ही हौस नव्हती. जवळजवळ दोन वर्षं मी एका न दिसणाऱ्या माणसाबरोबर हसत डोळे मिटून बसत होते, आणि डोळे उघडल्यावर मला दिसायचं, एवढाच आमच्यात फरक होता. मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. पण बोलत बसायला वेळ नव्हता, कारण मागे राहिली होती ती दिवस भरलेली बांडी. मी तिघींना आत ढकललं आणि मीपण येते म्हणून त्यांच्यामागे पळाले.

गवत छातीएवढं वाढलेलं. त्यात मला कुठे गाय दिसेना. मामंजी मात्र थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, आली. लांबून, फार लांबून, जड पितळी टोल येत होता. त्यांनी सरळ आवाजाकडे पाय उचलले. तो माळ त्यांच्या पायाखालचा, आयुष्यभर तुडवलेला. ते माझ्यापेक्षा भरभर चालत होते. फक्त सोसायटीवाल्यांनी इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा त्यांच्या आयुष्यात नवीन होता. पावसाने तुडुंब भरला होता, आणि ते दोन पावलांवर होते. मी त्यांचा हात धरला आणि जोर लावून मागे ओढलं.

त्यांनी विचारलं, "खड्डा हाय?"

"आहे."

"केवडा?"

"विहिरीएवढा, मामंजी."

मी हात सोडला नाही, त्यांनीही सोडवला नाही. खड्ड्याला वळसा घालून आम्ही मातीच्या ढिगामागे गेलो. तिथे बांडी उभी होती आणि तिच्या पायाशी ओलंचिंब वासरू उठायचा प्रयत्न करत होतं. मामंजींनी तांबडे तांबडे म्हणत तिच्या तोंडावरून हात फिरवला, शिंगं चाचपली आणि थबकले.

"ही तर बांडी. घंटा कुनी बदलल्या?"

मी कबूल केलं. तेव्हा त्यांनी मला समजावलं की घंटा दागिना नसते. जी गाय लांब भटकते तिला मोठी, जी पायापाशी राहते तिला बारीक. मग म्हणाले, आज मातर बरं केलंस, हिच्या गळ्यात हिचीच बारकी असती तर आपन गावभर हिंडलो असतो. आणि ते वासराला पुसायला खाली बसले. उपरण्याचं चघळलेलं टोक हाताला लागलं तेव्हा मी तेही सांगितलं, तांबडी समोरच उभी होती म्हणून. त्यावर ते इतके हसले की बांडी दचकली.

परतताना वासरू माझ्या खांद्यावर आणि मामंजींचा हात माझ्या दंडावर. ते म्हणाले, पोराला सांगू नगंस, गाई जातील. मी म्हणाले, नाही सांगत, पण डोळे दाखवायचे, पुण्याला, याच महिन्यात. नाहीतर मी आज जेवतानाच सांगते. त्यांना ऑपरेशनची भीती होती, आणि त्याहून जास्त, डॉक्टर काही होणार नाही म्हणेल याची. हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाजवळ बोलून दाखवलं. फाटक जवळ आलं तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं.

"तुला बगाया आलो तवाच धुरकट दिसायचं. तुजं त्वांड काय मला दिसलं न्हाई. आतून हसलीस तेवडं ऐकलं आन् म्हनलं, घरात एवडा आवाज पायजेल."

मी खांद्यावरचं वासरू सावरत तशीच चालत राहिले.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांचा, पिकलेला. ऑपरेशनचं ठरल्यावर नवऱ्याला सांगणं भागच होतं. मला वाटलं, आता करार बाहेर निघतो. तो बराच वेळ गोठ्यात जाऊन बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, शब्द दिसण्याचा होता ना, मग आधी दिसू तर दे. पैसे भरायला आणि दवाखान्यात थांबायला तोच गेला. मी गाईंसाठी मागे राहिले. त्या दिवसांत मी मामंजींच्या जागी ओट्यावर बसायचे आणि एसटी खोकली की उठून फाटकाशी जायचे. आवाज तेच होते, पण चांगली बातमी येते की वाईट, ते एकाही आवाजात ऐकू येत नव्हतं.

एका डोळ्याची पट्टी काढून ते आले तेव्हा चार वाजले असतील. मी भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन धावले. मामंजी काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले आणि आधी गाईंकडेच गेले. तांबडीला म्हणाले, किती वाळलीस. नवऱ्याला म्हणाले, गोठ्याची तीन कौलं फुटल्यात, तुला दिसत न्हाईत व्हय. नवरा माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं करत होता. गाई राहिल्या, हे त्याला कळून चुकलं होतं.

मग ते माझ्यासमोर आले. चष्मा किंचित खाली केला. दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस मला पहिल्यांदा बघत होता, आणि मी उगीचच पदर सारखा करत होते.

"म्या समजत हुतो उंच आसशील," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, अगदी हळू, "जरा हास बगू."

माझे डोळे भरून आले होते, हसू कुठून येणार. तेवढ्यात मागून तांबडीने मान लांब केली आणि ताटातला भाकरतुकडा, कुंकवासकट, उचलून खाल्ला. मला हसू फुटलं, ते गल्लीत ऐकू जाणारं.

मामंजींनी डोळा मिटून घेतला. मग उघडला.

"व्हय," ते म्हणाले. "तीच हाय."