हरकतराव पिंजऱ्यात

हरकतरावांचं खरं नाव फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, आणि ती पाटीही उन्हानं पुसून गेली होती. कोर्टात समोरच्या वकिलानं नुसता घसा खाकरला तरी हा गडी उभा राहून म्हणायचा, "हरकत आहे." एकदा पंखा बंद पडला तेव्हा पंख्यावरही घेतली म्हणतात. जज्ज बदलले, खुर्च्या बदलल्या, काळा कोट विटून शेवाळी झाला, हरकत तेवढी ताजी राहिली.

अशा माणसाला म्हातारपणी शाळेत घातलं. नवा नियम आला की वकिलानं शिकत राहायचं, दरसाल ठरलेली व्याख्यानं ऐकायची, परीक्षा द्यायची, तरच सनद चालू. सनद म्हणजे वकिलीचा परवाना. तो गेला की काळा कोट आणि रेनकोट यांत फरक नाही.

जुन्या वकिलांनी यावर पहिल्याच वर्षी तोड काढली. सकाळी हजेरीची सही ठोकायची, मागच्या दारानं खाली कँटीनमध्ये उतरायचं, आणि संध्याकाळी टाळ्या ऐकू आल्या की वर जाऊन आपणही चार वाजवायच्या. हा विषय अभ्यासक्रमात असता तर सगळे पहिले आले असते.

यंदा मात्र हरकतरावांचा जीव टांगणीला लागला होता. सोमवारी बेकरीवाल्या बाईचा खटला होता. शेजाऱ्यानं भिंत चढवून तिच्या भट्टीचं धुराडं कोंडलं, तेव्हापासून तो चालू होता. चालू म्हणजे, बसला होता. आता कुठं त्या शेजाऱ्याची उलटतपासणी हरकतरावांच्या हाती येणार होती. ती त्यांनी कित्येक वर्षं न्हाणीघरात घोटली होती. ते बादलीला दरडावायचे, "खोटं बोलू नका." बाहेरून बायको म्हणायची, "पाणी गार होतंय हे खरं आहे. उरका."

शनिवारच्या परीक्षेत काही बिनसलं तर सनद थांबणार, आणि सोमवारी ती उलटतपासणी दुसराच कुणी घेणार. त्यांच्या हाताखाली वकिली करणारी भाची म्हणाली, "मामा, निदान या खेपेला वर्गात बसा. परीक्षा तोंडी आहे."

"तोंडीच ना? मग तोंड कुणाचं आहे?" म्हणत मामा कँटीनमध्ये उतरले.

वर्ग चालवायचे एक निवृत्त जज्ज. त्यांनी यंदा वकिलांबरोबर डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबतपासनीस असे सगळे एकत्र कोंबले होते. ही मंडळी तज्ज्ञ म्हणून साक्षीला येतात आणि वकील त्यांची सालटी काढतात. म्हणून जज्जसाहेबांनी परीक्षा उलटी लावली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वकील उभा राहणार आणि प्रश्न ही तज्ज्ञ मंडळी विचारणार.

हरकतरावांच्या वाट्याला दातांची डॉक्टरीण आली. बाई ठेंगणी, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तिनं विचारलं, "काल दुपारचं व्याख्यान कशावर होतं?"

"हरकत आहे. प्रश्न गैरलागू आहे."

जज्जसाहेब म्हणाले, "तुम्ही साक्षीदार आहात. हरकत तुमच्या वकिलानं घ्यायची."

"माझा वकील मीच आहे."

"मग त्याला बाहेर बसवा आणि उत्तर द्या."

हरकतरावांनी कोट सावरला. "व्याख्यान होतं. उत्तम होतं."

बाई गप्प. दाताखाली कळ कुठं आहे ते शोधत असल्यासारखी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला घाई नव्हती. आ करून बसलेल्या माणसांसमोर तिचा जन्म गेलेला. हरकतरावांचा जन्म गेला होता दुसऱ्याला मधेच तोडण्यात, आणि इथं तोडायला कुणी बोलतच नव्हतं.

"विषय गंभीर होता," ते म्हणाले. बाई गप्पच. "म्हणजे मागं बसलं की नीट ऐकू येत नाही." तरी गप्प. "त्यात खाली कपबश्यांचा आवाज."

"खाली कुठं?"

"कँटीनमध्ये. पण एकटा नव्हतो मी."

मागच्या रांगेतले सगळे काळे कोट एकदम उठले. "हरकत आहे."

"फेटाळली," जज्जसाहेब म्हणाले. "बसा."

बाईनं हळूच विचारलं, "आणखी कोण होतं?"

आणि बांध फुटला. हरकतरावांनी एकेकाचं नाव घेतलं, कोण कुणाची सही ठोकतं तेही सांगितलं. बेकरीच्या शेजाऱ्याचा वकील, बारा महिने छत्री बाळगणारा म्हणून ज्याला छत्रीवकील म्हणत, तो टेबलावर डोकं टेकून घोरतो कसा, तेही सोडलं नाही. छत्रीवकील मागून म्हणाला, "अरे, तुला घोरणं कुणी विचारलं?"

जज्जसाहेबांनी निकाल दिला. "साक्षीदार पास. इतका खरा साक्षीदार मला नोकरीत मिळाला नाही. हजेरी मात्र रद्द. यांची, आणि यांनी सांगितलं त्या सगळ्यांची. सोमवारी दुपारपासून पुन्हा पहिल्यापासून वर्ग. तो होईतो सनद बंद."

सोमवारी सकाळी कोर्टात वकिलांच्या जागी सगळीकडं हाताखालची पोरंसोरं उभी. म्हातारे वकील अशिलांच्या बाकांवर. हरकतरावांशेजारी छत्रीवकील बसलेला, मधे छत्री आडवी ठेवून.

भाचीनं शेजाऱ्याला साधंच विचारलं, "भिंत चढवताना धुराडं कोंडतंय हे दिसलं होतं का?"

"दिसलं होतं की. म्हणूनच चढवली."

"हरकत आहे," म्हणत हरकतराव उठले. पट्टेवाल्यानं खांदा दाबून खाली बसवलं. "साहेब, तुमच्याच बाजूचं आहे ते."

जेवणाच्या सुट्टीआधी भिंत उतरवायचा हुकूम झाला. बाहेर बेकरीवाली बाई म्हणाली, "वकीलसाहेब, एवढंच विचारायचं होतं?"

"पाया मी घातला होता, बाई."

"कशाचा, भिंतीचा?" म्हणून ती भाचीचा हात धरून निघून गेली.

हरकतराव मागं एकटेच उरले. न्हाणीघरात घोटलेलं सगळं तोंडात तसंच होतं आणि ऐकायला बादलीही नव्हती. मग ते वर्गावर गेले. मागच्या रांगेत प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर कुणी ना कुणी पिशवी ठेवली. छत्रीवकिलानं छत्री ठेवली.

"इथं कुणी आहे?"

"आहे," तो म्हणाला.

जागा उरली होती ती पहिल्या रांगेत, जज्जसाहेबांच्या नाकासमोर. हरकतराव तिथं जाऊन बसले आणि शेजारच्या इंजिनिअरकडं पेन मागितलं.