दिलदार जंतू

आमच्या बुढ्याचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं, नाव पुंडलिकराव. एकदाच घेते, पुन्हा विचारू नका! दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात यांच्याएवढा देणारा माणूस नाही. बियाणं देतात, बैलजोडी देतात. मले अजून कोणाले देऊन नाही टाकलं, एवढे उपकार! त्यात गोळ्यांची भर. डॉक्टरनं देलेल्या जंतू मारायच्या गोळ्या बरं वाटेपर्यंत खायच्या, उरल्या की बंडीच्या खिशात. कोणाले साधी सर्दी झाली की काढलीच. "घे, मले लागू पडली!"

आमची पुतणी निकिता दारव्ह्याच्या कॉलेजात जंतूंचाच विषय शिकवते. शेजारच्या मानीबाईले लघवीची जळजळ झाली, अन् कोणतीच गोळी चालेना. यवतमाळले नेऊन सुया द्या लागल्या. बिचारी लय रडली. तेव्हापासून निकितानं ध्यास घेतला, का गावातलं हे गोळीवाटप बंद झालं पाह्यजे. पण गाव ऐकते बुढ्याचं, अन् बुढे ऐकत नाहीत कोणाचंच.

पोरगी मोठी हुशार! म्हणे, "मोठेबाबा, पाडव्याले दंडार करू. तुम्ही जंतू व्हा."

दंडार म्हणजे सोंगं घेऊन नाचगाणं, अन् त्याचं नाव काढलं की यांचे गुडघे दुखायचं विसरतात. लगेच तयार.

निकितानं समजावलं, "एक जंतू दुसऱ्याले बारीक नळी लावते. औषधानं न मरायची विद्या जनुकांच्या एका गोल तुकड्यात असते, त्याची नक्कल नळीतून तिकडे जाते. देणाऱ्याजवळही राह्यते. समोरचा वेगळ्या जातीचा असला तरी देते."

"वा! म्हणजे माह्यासारखाच दिलदार," बुढे खूश.

"म्हणूनच तं तुम्हाले जंतू केलं!"

मी पदर तोंडात कोंबून हसली.

पाडव्याच्या संध्याकाळी पारावर पाय ठेवाले जागा नव्हती. तांड्यावरचा बाबूसिंग औषध झालता, हातात काठी. बुढ्याजवळ ढाल म्हणून सूप, नळी म्हणून ठिबकचा पाइप. पाइप लावला की पाठीमागून दुसरं सूप काढून भिडूले देत. बाबूसिंगची काठी सुपांवर आपटे, जंतू काही मरेना. लोकं पागल झाले. "जंतूचा विजय असो!" शिट्ट्या काय, टाळ्या काय! निकिताच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं, झालं न बाप्पा सारं उलटं!

बुढ्यानं पोरीकडे पाह्यलं अन् हात वर करून ढोलकी थांबवली.

"अबे, टाळ्या कोणाले वाजवून राह्यले? मानीबाईले रडवणारा जंतू मीच आहो! कच्चे जंतू मारून मले रान मोकळं कोणं करून देलं? फुकट गोळ्या वाटणाऱ्या पुंडलिकनं!"

अन् बिदागीसाठी फिरवायच्या आरतीच्या ताटात बंडीचा खिसा उलटा केला.

मग मानीबाई उठली, तिनं बटव्यातल्या गोळ्या टाकल्या. बाया घराकडे पळाल्या, डबे-फळ्या धुंडाळून आल्या. ताट फिरून आलं तं उरल्यासुरल्या गोळ्यांच्या पाकिटांनी शिगोशीग भरलेलं. निकिता हसत होती अन् रडतही होती.

बुढ्यानं ताटाले हात जोडले. "एवढी बिदागी मले जन्मात भेटली नाही!"